हिरवा उठून दिसणारा दिवा

आमच्या रस्त्यावर अस्तर-बटणांचं एक दुकान होतं. दुकानदारांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते मॅचिंगराव. कोटाला अस्तर हवं, एकट्या पडलेल्या बटणाला जोडीदार हवा, विरलेल्या बाहीला दोरा हवा, की माणूस त्यांच्या दारात. आणि दारातच उभा राही, कारण मॅचिंगराव कापड घेऊन स्वतःच बाहेर फुटपाथवर येत. "दुकानातला दिवा खोटं बोलतो," असं म्हणत आणि सूर्याला साक्षीला धरून रंग ठरवत.

लग्नसुद्धा त्यांचं फुटपाथवरच जमलं. वहिनी एका जांभळ्या झग्यासाठी दोरा घ्यायला आल्या होत्या. ह्यांनी झगा उजेडात धरला, एकामागून एक रिळं लावून पाहिली, आणि हे इतका वेळ चाललं की वहिनी म्हणाल्या, "कापड बघताय की मला?"

"दोन्ही जमतंय," हे म्हणाले.

ही हकीकत वहिनींची. मॅचिंगरावांच्या मते असं काही घडलंच नाही, आणि झगा जांभळा नव्हता, वांगी रंगाचा होता.

बैठकीच्या खोलीत वहिनींची काचेची टाकी होती. मासे नावापुरते, चार-दोन, लाजाळू. खरा जीव पाण्याखालच्या झाडात. रुंद पानांचं, तांबूस देठांचं ते झाड. त्याचा कोंब वहिनींच्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीबरोबर दिला होता. मूळ झाड आईच्या घरच्या टाकीत, त्याची लेक इथे. मायलेकी फोनवर एकमेकींच्या तब्येतीची चौकशी कमी आणि झाडाची जास्त करायच्या. "तुझं नवीन पान उलगडलं का गं?" हा आईंचा ठरलेला पहिला प्रश्न. जावई कसा आहे, हे फोन ठेवता ठेवता.

मग आईंनी अंथरूण धरलं आणि वहिनी माहेरी निघाल्या. बॅग दारात, आणि ह्यांना सूचना चालू.

"अहो, माशांना चिमूटभर खाणं टाका. सकाळी दिवा लावा, संध्याकाळी मालवा. बाकी कशाला हात लावू नका."

"मला काय लहान मूल समजतेस?"

"लहान मूल ऐकतं तरी."

मूल खरंच बरं म्हणायचं. टाकीच्या झाकणातला दिवा धुळकट दिसला म्हणून मॅचिंगरावांनी तो ओल्या फडक्याने पुसला. पेटता असताना! टच्चकन आवाज झाला आणि दिवा गेला. त्याच्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती.

आता सरळ मार्ग कोणता? शेजारी म्हणून मीही तेच म्हटलं, "वहिनींना फोन लावा, कोणता दिवा होता ते विचारा."

"रंगातलं मी बायकोला विचारू?" मॅचिंगराव दुखावले. "अख्खं गाव मला विचारतं."

"अहो, हा दिवा आहे, दोरा नाही."

"उजेड म्हणजे तरी काय हो? रंगच तो."

मग निघाली वरात शोभेच्या माशांच्या दुकानात. मी बरोबर होतोच. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मॅचिंगरावांनी झाडाचं एक पान खुडून डब्यात पाण्यात ठेवलं होतं, गिऱ्हाइकं नमुन्याची चिंधी आणतात तसं. दुकानदाराने मुकाट्याने एक दिवा लावून दाखवला. गुलाबीकडे झुकणारा, जरा विचित्रच उजेड. मॅचिंगरावांनी पान त्याखाली धरलं आणि नाक मुरडलं.

"शी! पान कळकट दिसतंय. दुसरा दाखवा."

दुसरा लागला, थंड, हिरवट पांढरा. त्यात ते पान असं काही झळकलं की मीही वा म्हणालो.

"बघा, हिरवा कसा उठून दिसतो!"

"काका, दिसेल हो," दुकानदार म्हणाला, "पण झाड हिरवा उजेड फारसा खात नाही, बराचसा परत फेकतं. म्हणून तर ते हिरवं दिसतं. त्याला लाल, निळा लागतो, तो त्या गुलाबीत आहे. शिवाय हा मंद आहे, तळापर्यंत पोचायचा नाही. हा खोलीच्या शोभेला ठीक."

"तुमचा गुलाबी खपत नसेल," मॅचिंगराव म्हणाले आणि हिरवट दिवा बांधून घेतला. दुकानातला दिवा खोटं बोलतो हे ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं, त्यानेच दुकानात उभं राहून दिव्यावर विश्वास ठेवला.

टाकी दिसायला मात्र सुरेख दिसू लागली. येईल त्याला आधी टाकी दाखवायची, मग बसायला सांगायचं. वहिनींचा फोन आला की, "काळजी करू नकोस, हिरवंगार आहे." तेव्हा ते खरंही होतं.

पुढे काचेवर काळसर बुरशीगत काहीतरी धरलं. नवीन पान काही येईना. "झाडं पण कधी कधी रुसतात," मॅचिंगराव म्हणाले. माहेरी आई गेल्या. वहिनी आईच्या घराच्या आवराआवरीला भावाबरोबर थांबल्या, आणि एका दुपारी मी ह्यांच्याकडे चहाला गेलो असताना सहज टाकीचा दिवा बंद केला. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं. पानं पिवळट, चाळणी झालेली, काही तर आरपार दिसणारी. देठ बुडाशी मऊ पडले होते.

"अहो मॅचिंगराव, हे संपत आलंय."

ते पुढे झाले, वाकून पाहिलं. रंग त्यांना कळत नव्हता असं थोडंच आहे? मग त्यांनी हात लांब करून दिवा परत लावला. टाकी पुन्हा हिरवी झाली.

तेवढ्यात फोन वाजला.

"झाड नीट आहे ना? खरं सांगा," वहिनींचा आवाज मला पलीकडे बसून ऐकू येत होता.

"आहे गं. हिरवंगार."

फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई गेलीय तिची. अशा वेळी काय सांगू?" आणि तसेच उठून गुलाबी दिवा आणायला गेले. दिवा आला, लागला. पण बुडच सडलं होतं. त्याला लाल-निळा काय, साक्षात सूर्य आणून लावला असता तरी काय होणार?

वहिनी परतल्या तेव्हा त्यांची बॅग मीच वर आणली, म्हणून पुढचं ऐकलं. त्या टाकीपुढे उभ्या राहिल्या. मॅचिंगरावांनी सगळं सांगितलं. फडकं, दुकान, हिरवट दिवा, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या भावाकडे आहे ना आईंचं झाड? मी उद्या जातो, कोंब घेऊन येतो."

वहिनी खुर्चीवर बसल्या.

"दादाने विचारलं होतं मला. घर रिकामं करायचंय, आईच्या टाकीचं काय करू? मी म्हटलं, दे ओतून. माझ्याकडे आहे."

मॅचिंगरावांनी टाकीचा दिवा मालवला.

"दिवा कुणाचाही चुकतो हो," वहिनी म्हणाल्या. "मला वर्ष लागलं होतं तो शोधायला. पण त्या दिवशी फोनवर मी खरं सांगा म्हटलं होतं. आईच्या घरची टाकी तेव्हा भरलेली होती. मी तिच्यासमोरच उभी होते."

मी बॅग ठेवून निघालो. माझ्यासारख्या माणसालासुद्धा कधी कधी निघावंसं वाटतं.

मासे जगले. वहिनींनी दुकानातून चार प्रकारची झाडं आणून लावली, गुलाबी दिव्याखाली ती आता झाकणाला टेकली आहेत. येणारा-जाणारा कौतुक करतो, "काय हिरवी आहेत हो!"

"दुकानातली आहेत," वहिनी म्हणतात, आणि मॅचिंगराव चहा टाकायला आत जातात.