रायलीबाईंचा ठिपका

ग्राहक: रायली युंटुनेन. वय: चौऱ्याहत्तर. वैवाहिक स्थिती: विधवा. पूर्वव्यवसाय: शाळेच्या स्वयंपाकघरात आचारी, एकतीस वर्षे. निवास: कोर्पिवारा गाव, एकटी. स्मरणशक्ती: वयास साजेशी. डावे मनगट: गतवर्षी बर्फावर घसरून मोडले, जुळले. ठावठिकाणा कुटुंबीयांस कळविण्यास संमती: आहे. स्वभाव: सहकार्यशील.

ज्येष्ठांच्या सेवाकचेरीतून आलेल्या बाईंनी हा मजकूर एका कप कॉफीत पुरा केला. त्यातल्या मनगटाबद्दल वाद नव्हता.

संमतीची हकिकत अशी. मनगट मोडलं तेव्हा मुलगी तुइया औलू शहराहून दोनशे किलोमीटर गाडी हाकत आली, दोन दिवस राहिली, आणि निघायच्या सकाळी तिनं आईच्या फोनवर काहीतरी चढवलं.

"आई, इथं 'हो' दाब."

"कशाला?"

"तू कुठं आहेस ते मला दिसेल. पडलीबिडलीस तर."

नेमकी तेव्हाच शेगडीवर कॉफी उतू चालली होती. रायलीबाईंनी उजव्या हातानं भांडं उचललं आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या डाव्या हाताच्या बोटानं 'हो' दाबलं. कायद्याला संमती स्वखुशीची, समजून उमजून दिलेली आणि निःसंदिग्ध लागते. कॉफीबद्दल कायदा काही बोलत नाही.

हिवाळाभर फोन येत राहिले. "आई, काल दफनभूमीत चाळीस मिनिटं होतीस. बरी आहेस ना?"

"तुझे बाबा लवकर बोलायला लागत नाहीत, माहीत आहे तुला."

वरवर थट्टा, पण रायलीबाईंची बैठक मोडली ती मोडलीच. तळ्याकाठच्या बाकावर दहा मिनिटं झाली की त्यांना वाटे, आता तुइयाच्या फोनवरच्या नकाशात आपला ठिपका फार वेळ एका जागी दिसत असेल. मग त्या उठत आणि कारण नसताना लाकडांच्या ढिगाभोवती दोन चकरा मारत. दुकानात जाताना वाट बदलली, तर ती का बदलली याचं उत्तर त्या मनातल्या मनात तयार ठेवत. कुणी विचारलेलं नसायचं. एकतीस वर्षं तीनशे पोरांची भूक सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या अंगणात हिशेबानं हिंडावं लागत होतं.

जुलै सरत आला. हिल्ला पिकली.

हिल्ला म्हणजे दलदलीत शेवाळातून वर येणारं केशरी फळ. एका देठाला एकच, आणि सगळा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. कोर्पिवारात माणूस आपलं उत्पन्न सांगेल, आजार सांगेल, दोन पेल्यांनंतर प्रेमप्रकरणही सांगेल, पण हिल्लाची जागा सांगणार नाही. गाडी मुद्दाम भलत्याच दिशेला उभी करायची, उलटा वळसा घालून जायचं, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचं, "यंदा काही नाही, थंडीनं फुलं जळली." रायलीबाईंना त्यांची दलदल आईनं शेवटच्या दुखण्यात इस्पितळातल्या खाटेवरून सांगितली होती, तीही धाकट्या बहिणीला रस आणायला पिटाळून. एका पिढीत एकाच माणसाला, हा दंडक. नवऱ्यानं बेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. संसार टिकण्याचं ते एक कारण होतं.

आता ठिपका ही जागाही सांगून टाकणार, म्हणून रायलीबाई ग्रंथालयात ओस्मोकडे गेल्या. ओस्मो दर मंगळवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या फोनचे गुंते सोडवून देई.

"तुमच्या वर्तुळात, म्हणजे तुमचा ठिपका बघणाऱ्यांत, तिघंजण आहेत, रायलीबाई. तुइया, यारमो आणि यारमोचा भाऊ."

"जावयाचा भाऊ? तो कशाला?"

"कुटुंबातला आहे म्हणे."

"माझ्या कुटुंबात नाही. मी मुलीला हो म्हटलं होतं, ओस्मो."

"तुम्ही वर्तुळाला हो म्हटलंय. आणि हे महिनाभराच्या वाटाही जपून ठेवतं."

रायलीबाई खुर्चीत सरकल्या. यारमो आणि त्याचा भाऊ औलूच्या बाजारात उन्हाळ्यात रानफळं विकत.

"मग काढून टाक ते."

"कायदा म्हणतो, संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागं घेणं सोपं पाहिजे." ओस्मोनं चष्मा पुसला. "इथं सात पानं आहेत. आणि शेवटी सगळ्यांना निरोप जातो, की रायली दिसेनाशा झाल्या."

"मेले असं?"

"दिसेनाशा, एवढंच."

फोन घरी ठेवून जावं म्हटलं, तर तेही शहाणपणाचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारचा उर्हो तसा गेला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. जिवंत, पण चिडलेला. दलदल कुणाची आजी नसते, हे रायलीबाईंनाही कळत होतं.

ठिपक्याच्या मागावर कुणी येतं का, याची आधी खात्री करावी, असं त्यांनी ठरवलं. तीन दिवस त्या फोन खिशात घालून आपली सोडून भलत्याच, तुह्काच्या दलदलीत गेल्या. तिथं आजवर डासांखेरीज कुणाचं भलं झालेलं नाही. बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची, चार तासांनी घरी यायचं. चौथ्या दिवशी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि त्या सायकलवरून, तुह्काच्या रस्त्यालगतच्या पाइनच्या झाडांपर्यंतच गेल्या.

दलदलीत दोन पुरुष वाकलेले होते. चार बादल्या होत्या.

"यारमो!"

जावई ताठ झाला. "अरेच्चा, आई! तुम्ही इथं? मला वाटलं, घरी आहात."

"का वाटलं तसं?"

यारमोनं शेवाळाकडे बघितलं. त्याच्या भावानं आभाळाकडे बघितलं.

"काय मिळालं?"

"काही नाही हो. यंदा थंडीनं फुलं जळली," यारमो सवयीनं बोलून गेला. कोर्पिवाराच्या आसपास हे वाक्य इतक्या प्रामाणिकपणे बहुधा प्रथमच उच्चारलं गेलं. निदान पहिले तीन शब्द.

शनिवारी तुइया आली. कोट न काढताच बोलायला लागली.

"मी त्याला झाप झाप झापलंय. भावालाही काढलंय यादीतून. पण तू बंद करू नकोस, आई. तू तिथं पाय मुरगळून पडलीस, तर मी कुठं शोधू तुला? पोलिसांना काय सांगू? सगळ्या दलदली उपसा म्हणून?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं! तू 'हो' दाबलंस."

"मी कॉफी उतरवत होते."

तुइया खुर्चीत बसली. तिचे डोळे भरले होते, आणि ते रागानं नव्हे. रायलीबाई खिडकीशी गेल्या, परत टेबलाशी आल्या, पुन्हा खिडकीशी गेल्या. मुलीची भीती खोटी नव्हती, ही मोठीच अडचण होती. खोटी असती तर सकाळीच निकाल लागला असता.

"बूट घाल," त्या शेवटी म्हणाल्या. "रबराचे."

"कुठं जायचंय?"

"कळेल. माझा ठिपका पुसून टाक आधी. यापुढं निघताना मी स्वतः तुला फोन करीन, परतल्यावर करीन. जागा तुला माहीत असेल. तुला एकटीला."

तुइयानं आईचा फोन ओढून घेतला. मग तिनं सात पानं पार केली.

"आता तुझाही."

"माझा कशाला?"

"यारमोला दिसतो ना?"

"तो नवरा आहे, आई."

"म्हणून तर."

"सहा वर्षांत मी एकदाही बंद केलेला नाही. तो विचारेल."

"विचारू दे की. पूर्वी माणसं विचारायचीच. आपण सांगायचं का नाही ते ठरवायचो."

तुइयानं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. कधी तरी तिनंही कुठल्याशा घाईत 'हो' दाबलं असणार. कुठल्या, ते आठवत नव्हतं. पाचव्या पानावर फोननं कारण विचारलं: बॅटरी, प्रवास, इतर. तिनं बराच वेळ लावला आणि 'इतर' निवडलं. दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या निघाल्या.

गाडी भलत्या दिशेला उभी केली. उलटा वळसा घातला. वाटभर तुइयाचा हात रिकाम्या खिशाकडे जात होता आणि परत येत होता.

"आणि दोघी पडलो तर?"

"एकदम नाही पडायचं."

दहा चाळीसला यारमोच्या फोनवर सूचना उमटली: सदस्य रायली, ठावठिकाणा अज्ञात. सदस्य तुइया, ठावठिकाणा अज्ञात. उभयतांची शेवटची नोंद: निवासस्थान, स्वयंपाकघर. शिफारस: सदस्यांशी तातडीने संपर्क साधावा. यारमोनं चौदा वेळा संपर्क साधला.

दोघींनी त्या दिवशी नऊ लिटर हिल्ला तोडली.