चौकाबाराचा निवाडा

बंगळुरात चिकपेटेमागच्या आमच्या एकाच खोलीच्या घरात पहिला मान मशीनचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिवायला बसले की आम्ही भिंतीला चिकटून बसायचो. काजं करून करून आईचे डोळे अधू झाले, म्हणून थोरल्या अक्काची शाळा सुटली. मी मॅट्रिक झाले तेव्हा अण्णा म्हणाले, "गुंड्या लावायला कॉलेज कशाला?" प्रवेशाची मुदत संपत आली होती. माझ्यासाठी मामा त्यांच्याशी रोज भांडायचा.

तरी रविवारी दुपारी दोघं चौकाबारा खेळायला बसायचेच. फरशीवर खडूची घरं, कवड्यांचं दान, सोंगट्या म्हणून शर्टाच्या गुंड्या. नियम कुठं लिहिलेले नव्हते, घरागणिक वेगळे. आमच्यात एक पक्का होता: दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही.

त्या रविवारी मामाच्या गुंडीनं अण्णांची एक गुंडी मारली. लगेच अण्णांनी तीच मारली. ती पहिल्यापासून निघाली, फिरून आली, आणि मामानं ती सरळ आत सारली.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. "मेली तेव्हा तिचं पुण्य संपलं. आधी परत मार."

"मारलं मी, दाजी. गुंडीला काय अक्कल असते?"

कोणी मागे हटेना. गल्लीची रीत अशी, की तंटा झाला तर ज्याची सोंगटी पटावर नाही त्यानं निवाडा द्यायचा, आणि तो मोडायचा नाही. आई आणि अक्का नळावर गेलेल्या. उरले मी. अण्णांना दुखावलं तर कॉलेज गेलंच, हे मला दिसत होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "सुई मोडली तर तुम्ही शिवण विसरता का? नवी सुई ओवता आणि शिवता. हक्क खेळणाऱ्यानं कमावलाय. मामाला आत जाऊ द्या."

मामा म्हणाला, "घरात वकील आहे दाजी, आणि तुम्ही तिला गुंड्या लावायला बसवताय."

अण्णांनी कवड्या उचलल्या. "माझीच सुई, मलाच टोचतीस. सरी, बरं. लावलास तो नियम बरोबर आहे."

डाव ते हरले. रात्री जेवताना माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "उद्या मशीन दुपारी सुरू करीन. सकाळी हिला घेऊन कॉलेजात जायचंय."

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.