रुसलेली टी-पेशी

सेलूच्या एका कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. माझं अक्षर वाईट आणि आकृत्या त्याहून वाईट. मी फळ्यावर काढलेली बी-पेशी भाकरीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून खाली नाव लिहावं लागतं. तरी प्रतिकारशक्तीचा धडा मी असा शिकवतो की मोठमोठ्या शिकवणीवाल्यांनी येऊन ऐकावा. असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाचं असल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

जंतू शरीरात शिरला की एक पहारेकरी पेशी त्याला गिळते, त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा अंगावर मिरवत लसिका गाठीत जाते. तिथं टी-पेशींची गर्दी असते, पण प्रत्येकीला आपला ठरावीक तुकडाच ओळखता येतो. जिचा असतो ती ओळखते. इथं पोरं वह्या मिटायला लागतात. मग मी विचारतो, लग्नाची नुसती पत्रिका कुणाच्या हाती धाडली तर तुमची आत्या येते का? सगळा वर्ग एका सुरात ‘न्हाई’ म्हणतो. आमच्याकडं घरच्या माणसाला पत्रिका पुरत नाही. नवरा-बायकोनं जोडीनं जायचं, बाईनं बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि ‘यायचं बरं का’ म्हणायचं. टी-पेशीचंही तसंच आहे. तुकडा ओळखणं हा पहिला संकेत. पहारेकरी पेशीनं सोबत दुसरा संकेत दिला तरच ती खरी जागी होते आणि एकीच्या हजारो होतात. तो मिळाला नाही तर रुसून बसते, आणि मग नंतर बोलावलं तरी सहसा उठत नाही.

बी-पेशीला तर जंतू स्वतःलाच सापडतो. ती त्याला गिळतेसुद्धा, पण बहुतेक वेळा त्याचा तुकडा दाखवत नुसती वाट बघते. जागी झालेली मदतनीस टी-पेशी येऊन ‘चल’ म्हणाली की मग जोमानं प्रतिपिंडं करायला लागते. या बी-पेशीला मी आत्याचा नवरा म्हणतो. पत्रिका त्यानंही वाचलेली असते, पण आत्या उठल्याशिवाय तो जागचा हलत नाही. यावर वर्ग हसतो आणि मी खडू झटकत थोडा वेळ थांबतो, हसू पुरेसं झालं की पुढं जातो.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका वाटत फिरण्यात दिवस घालवायचे नाहीत, हा माझा पुरोगामी विचार. भाच्याकडून मोबाइलवर पत्रिका करून घेतली, मागं सनई, वरून फुलं पडतात अशी, आणि एका बैठकीत सगळ्यांना पाठवून दिली. झरीला माझी थोरली बहीण असते, तिलाही त्यातच. तिनं ती बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आणि मी यादीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. बायको म्हणाली, अक्काकडं तरी जाऊन येऊ. मी तिला जग कुठं चाललंय ते समजावून सांगितलं.

आठवडा गेला, अक्काचा फोन नाही. शेवटी मुलीनंच लावला. अक्कानं तब्येत विचारली, कापूस वेचणीचं बोलली आणि लग्नाचा विषय निघाल्यावर म्हणाली की बघू. माझ्या मुलीचं नाव अक्कानं ठेवलेलं. मुलगी फोन ठेवून मला म्हणाली, “पप्पा, आत्या आली न्हाई तर मी हळदीला बसणार न्हाई.” मी म्हणालो, येईल गं, घरचीच आहे.

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात तोच धडा घेतला. आत्या, पत्रिका, कुंकू, सगळं नेहमीच्या ठिकाणी, हसूही नेहमीच्या ठिकाणी. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उठून विचारलं की पहारेकरी पेशीला माहीत असतं ना दुसरा संकेत द्यायचा असतो ते, मग ती देत का न्हाई? मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी रुसलेल्या पेशीला हसत होतो. पहारेकऱ्याबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

तास संपला तसा मी दुकानातून कुंकवाची पुडी घेतली, मोटारसायकलला किक मारली आणि थेट झरी गाठली. अक्का ओसरीवर तूर निवडत होती. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, पाहुण्याला बोलावं तसं गोड बोलली. मी पुडी काढली आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की कुंकू लावणार कोण? बायको सेलूला. जोडीनं जायचं असतं हे तासाभरापूर्वी साठ पोरांना सांगणारा हा विद्वान एकटाच आला होता. मी पुडी हातात धरून बसलो आणि घाबरून चक्क टी-पेशीबद्दल बोलायला लागलो.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग सुपातली तूर एकसारखी करत म्हणाली, “मी रुसले न्हाई रे. शेजारणीला बी तेच कार्ड आलं, दुकानदाराला बी तेच आलं. मला वाटलं, आता मी बी गावातलीच झाले.”

माझे डोळे भरून आले, ते मी चहाच्या कपामागं लपवायला बघितलं. अक्का म्हणाली, उद्या तिला घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीनं गेलो. बायकोनं कुंकू लावलं, अक्षता दिल्या, आणि मी कुणी न सांगता वाकून अक्काच्या पाया पडलो. तेवढ्यात दाजी आतून लग्नाला न्यायच्या सामानाची एक मोठी पिशवी घेऊन आले, तोंड सुतळीनं बांधलेली. एवढ्या घाईत कधी भरली, असं मी विचारलं.

दाजी म्हणाले, “घाई कशाची? तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी भरली हिनं. रोज सोडती, बघती आन् परत बांधती.”