अकरावा खेळाडू पाण्याखाली

पत्रकाराकडं बातम्या साठत नाहीत. छापली की गेली. साठतात ते किस्से, कारण ते छापायचे राहतात. आणि भुईमुगाचा वेल उपटावा तसं त्यांचं असतं. एक ओढायला जावं, तर मातीसकट दहा वर येतात! आमच्या संघनिवडीचं तसंच झालं. बातमी एका कोपऱ्यात मावली असती. किस्से अजून हातात येतायत.

सुरुवात पुण्यानं केली. आमच्याच दैनिकाच्या क्रीडा पानावर एका विद्वानानं राज्याचा ‘सार्वकालिक सर्वोत्तम संघ’ छापला. मी वरून खाली वाचला, खालून वर वाचला. बारामती-इंदापूरचा एक माणूस नाही! बारावासुद्धा नाही! लावला फोन.

“आमचा एकही नाही?”

“अहो, देशांतर्गत सामने खेळलेले घेतलेत.”

“मग आमचे सामने काय परदेशात होतात?”

“तुमच्याकडं टेनिस बॉलवर खेळतात हो. त्याची नोंद कुठं असते?”

“बॉल लागून स्टंप पडतो ना? मग झालं!”

आणि फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, म्हणून टेबलावर हात आपटला. चहा सांडला. त्या सांडलेल्या चहावर मी शपथ घेतली, की दिवाळी झाली की बारामती-इंदापूरचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ आपल्या तालुका पानावर छापायचा. फोटोसकट!

* * *

निवड समितीत तिघं. एक मी. दुसरे जगताप सर, इंदापूरचे निवृत्त पीटी मास्तर. दोन्ही तालुक्यांत त्यांनी ज्याला आउट दिलं नाही असा खेळाडू नाही. तिसरा पळसदेवचा किसन. सकाळी मासळीचा धंदा, दुपारी सामन्यांची कॉमेंट्री. बैठक इंदापूर एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात.

पहिल्याच बैठकीत समिती फुटायची वेळ आली. धावा मोजायच्या कशा? प्रत्येक मैदानाचा कायदा वेगळा! वडगाव निंबाळकरला मैदानाला लागून ऊस. बॉल उसात गेला की दोन धावा. मात्र फिल्डरनं उसात शिरून झेलला तर आउट. निरवांगीला डाळिंबाची बाग. तिथं मालक काठी घेऊन बसलेला, त्यामुळं बॉल बागेत गेला की धावा कितीही पळा. फिल्डर जातच नाही! आणि पळसदेवचं मैदान म्हणजे उजनीचा काठ. बॉल पाण्यात गेला की बॅट्समन आउट, आणि बॉलही त्यानंच पोहून आणायचा.

किसन छाती काढून म्हणाला, “म्हणून आमच्या गावात समदे टेक्निकवाले. खालून मारणार. बॉल उचलणारच न्हाय!”

सर म्हणाले, “टेक्निक कसलं रे? भिजायचा कंटाळा!”

किसन उठला. त्याला भज्यांची प्लेट दाखवून परत बसवावं लागलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “माझं काय केलं?”

वडगावचे दत्तूआबा. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात दुधाची रिकामी किटली. आबा एके काळचे ओपनिंग बॅट्समन. घरच्या मैदानावर आपण जन्मात आउट झालो नाही, हा त्यांचा दावा. बाकी काही नको, पेपरात नावापुढं ‘वडगावात कायम नाबाद’ एवढं छापून यावं, ही म्हातारपणची इच्छा.

“आबा, बघतो,” मी म्हणालो.

“बघतो न्हाय. लिव्हा!” म्हणाले, आणि गेले. मग रोज यायला लागले.

* * *

फास्ट बॉलर म्हणून मारुतीवर एकमत झालं. मारुतीचा रनअप मैदानात मावायचा नाही. बांधापलीकडून, रस्त्याच्या पल्याडहून तो निघायचा. एकदा तो अर्ध्या वाटेत असताना रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या. त्यामागं दुसरा ट्रॅक्टर. कारखान्याचा सीझन! मारुती कडेला उभा राहिला. इकडं बॅट्समन थांबून थांबून कंटाळला आणि पाणी प्यायला गेला. ट्रॅक्टर गेले, मारुती सुटला, स्टंप उडाले!

बॅट्समन तांब्या घेऊन पळत आला. “मी नव्हतोच की हितं!”

अंपायर जगताप सर. सरांनी बोट वर केलं आणि विचारलं, “बॉलर निघाला होता का नाही?”

“व्हय, पण…”

“मग निघालेल्या माणसाची वाट बघायची रीत आहे की नाही?”

सर आजही म्हणतात, निर्णय बरोबर होता. आम्ही मारुतीला घेतला आणि त्या तांब्यालाही विकेटचं थोडं श्रेय दिलं.

* * *

विकेटकीपर वडगावचाच, बबन. दोन्ही हात चिकट असल्यासारखे. एकच अडचण, संध्याकाळी धार काढायची वेळ झाली की ग्लोव्हज काढून घरी! मॅच शेवटच्या ओव्हरला असो, फायनल असो. “म्हशीला तुमचा कप कळतुय व्हय?” हा त्याचा सवाल.

शेवटी कप्तानानं तोड काढली. म्हैसच मैदानावर आणली आणि बाउंड्रीला बांधली. दोन ओव्हरच्या मधे बबन धार काढी. सगळं छान चाललं होतं. मग एक स्वीप सुटला आणि बॉल थेट बादलीत! दूध सांडलं, म्हैस उधळली, तिच्यामागं बबन आणि बबनमागं स्लिपचा फिल्डर.

बॅट्समन ओरडला, “चार!”

बबन पळता पळता ओरडला, “डेड बॉल!”

आणि किसन माइकवर शांतपणे म्हणाला, “बॉल जिवंत हाय. म्हशीचं सांगता येत न्हाय.”

* * *

आम्ही संघ निवडतोय हे कसं कुणास ठाऊक, पण फुटलं. मग फोन सुरू! झेडपीच्या तिकिटाला येत नसतील एवढे. भाचा घ्या, मेव्हणा घ्या, आमच्या वाडीला आजवर कुणी काही दिलं नाही, निदान लेगस्पिनर तरी द्या!

एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या गावचा एक घ्याच. बारावा असला तरी चालंल.”

मी म्हटलं, “बॅटिंग की बॉलिंग?”

“खेळत न्हाय तो.”

“मग कशाला घ्यायचा?”

“मैदान त्याचं हाय. न्हाय घेतलं तर कांदा लावतो म्हणतोय.”

मी भडकलो! गुणवत्ता म्हणजे काय, निवड म्हणजे काय, पत्रकारिता म्हणजे काय, सगळं त्यांना ऐकवलं. मग सर हळूच म्हणाले, “त्या मैदानावर तीन गावं खेळतात.” किसन म्हणाला, “आन यंदा कांद्याला बाजार बी हाय.”

बारावा खेळाडू एकमतानं ठरला.

* * *

दहा झाले, बारावाही झाला. राहिला अकरावा. आणि तिथं समितीची गाडी चिखलात रुतली.

एकीकडं दत्तूआबा. दुसरीकडं निरवांगीचे सोपानराव. सोपानरावांची कीर्ती एकाच झेलावर उभी. वडगावची फायनल, आबा बॅटिंगला. आबांनी बॉल उचलला तो थेट उसात. सोपानराव त्याच्यामागं उसात. आत बराच वेळ नुसती पानं हलत होती. मग सोपानराव बाहेर आले, अंगभर ओरखडे, हातात बॉल. “झेल!” अंपायरनं बोट वर केलं. झेल खरा, तर तो दोन तालुक्यांतला सर्वोत्तम झेल आणि सोपानराव संघात. झेल खोटा, तर आबा वडगावात कायम नाबाद आणि आबा संघात. दोघं एकदम बसत नाहीत. उसात तिसरा माणूस नव्हता!

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पुढं काय झालं, तर आबांची एकुलती लेक सोपानरावांच्या घरात दिली. दोघं व्याही झाले. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, जावळात सोपानराव मांडवाच्या मधोमध उभे राहून तो झेल अभिनयासकट सांगणार. आणि आबा समोर बसून हसणार. मुलीचा बाप! न हसून सांगतो कुणाला? तोंड उघडायची एकच जागा त्यांना सापडली, आमची निवड समिती.

आम्ही दोघांना हॉटेलात बोलावलं. आबा एका टेबलाला, सोपानराव दुसऱ्या टेबलाला. जावयाच्या घरची खुशाली विचारून झाली. नातू कितवीत, दात पडले का, इथपर्यंत गोड. मग मी विषय काढला.

सोपानराव म्हणाले, “झेल व्हता. ह्या हातात व्हता.”

आबा चहाच्या कपात बघत म्हणाले, “पाव्हणं, बॉल जमिनीवरनं उचलला तुमी. पाल्यात पडल्याला आवाज आला मला.”

“तितनं आवाज आला? तुमाला हाक मारल्याली ऐकू येत न्हाय, आबा!”

“आता न्हाय येत. तवा येत व्हती.”

सर म्हणाले, “सोपानराव, शपथ घ्या. विषय मिटला.”

सोपानराव म्हणाले, “घेतो की! पर पळसदेवच्या महादेवाच्या जुन्या देवळात घीन. आमच्या घराण्याच्या शपथा तितंच व्हायच्या.”

किसन उडालाच. “अवो, ते देऊळ उजनीच्या पाण्याखाली हाय! दिवाळी नुकतीच झालीय, धरण काठोकाठ हाय! नव्या देवळात घ्या.”

“नव्या देवळात लाऊडस्पीकर हाय. देवाला काय ऐकू जाणार?”

“मग कधी घेणार?”

सोपानरावांनी मिशीवरनं हात फिरवला. “पाणी उतरू द्या.”

मला वाटलं, आबा आता किटली फेकून मारणार. आबा एवढंच म्हणाले, “थांबतो मी.”

* * *

मी हट्टाचा माणूस. तारीख ठरली होती, संघ छापला. दहा नावं, बारावा खेळाडू, आणि अकराव्याच्या जागी एक ओळ : ‘निर्णय पाणी उतरल्यावर.’

सकाळीच पुण्याच्या विद्वानाचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. “काय हो, एक नाव छापायचं राहिलं वाटतं?”

“राहिलेलं नाही. पाण्याखाली आहे.”

“म्हणजे?”

“तुमच्या संघात आहे का असा कुणी, ज्याच्यासाठी धरण रिकामं व्हायची वाट बघतात?”

गप्प! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुणं गप्प झालेलं मी ऐकलं.

इकडं दोन्ही तालुके मात्र धरणाच्या पाणीपातळीवर डोळे लावून बसले. आजवर पाणी कमी झालं की लोक कावायचे. यंदा माझी बातमी वाचून एक बागायतदार म्हणाला, “ऊस वाळला तर वाळू द्या, पर ह्या झेलाचा निकाल लागू द्या!” आबा दर बाजाराला पळसदेवला जायचे, काठावर उभे राहून पाणी बघायचे आणि पुढच्या एसटीनं परत यायचे.

* * *

उन्हाळा तापला आणि देऊळ वर आलं. आधी शिखर, मग खांब, मग पायऱ्या.

किसनची होडी. होडीत आम्ही तिघं आणि दोन व्याही. आबांनी नवी टोपी घातलेली. सोपानराव वाटेत झेल सांगतील म्हणून मी मनाची तयारी करून बसलो होतो, पण ते पाण्याकडं बघत बसले. किसनला गप्प बसवत नाही. तो वल्हं मारत कॉमेंट्रीच करत होता, “दोन्ही संघ मैदानाकडं निघालेले हायत…” कुणी हसलं नाही, तसा तोही थांबला.

होडी लागली. पुढं थोडा चिखल, मग देवळाच्या पायऱ्या. आबांनी आणि सोपानरावांनी पायरीशी चपला काढल्या. आत गाळ, वटवाघळांचा वास आणि गारवा. देव कधीच नव्या गावात नेलेला. पण सोपानराव म्हणाले, जागा तीच हाय. टोपी काढून त्यांनी उजवा हात पुढं केला. जगताप सर अंपायरसारखे ताठ उभे राहिले. मी पेन काढलं.

“मी, सोपान…” सोपानरावांनी सुरुवात केली. आवाज घुमला. “ह्या महादेवासमूर सांगतो, माझ्या घराची, लेकरा-नातवंडांची आन घेऊन…”

“हात खाली घ्या, पाव्हणं!”

आबा एवढ्या जोरात ओरडले, की वरची वटवाघळं उठली. मी त्या माणसाचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. ते गाळातनं पुढं आले आणि सोपानरावांचा पुढं केलेला हात दोन्ही हातांनी धरून खाली ओढला.

“आबा…” सोपानराव म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं वळले.

“झेल व्हता,” आबा म्हणाले. “आउट व्हतो मी. लिव्हा तुमी.”

आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरले, तापल्या चिखलातनं अनवाणीच होडीकडं चालू लागले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सोपानराव पायरीशी वाकलेले दिसले. मला वाटलं, स्वतःच्या चपला घालतायत. त्या तिथंच राहिल्या. मुलाकडचे सोपानराव, मुलीच्या बापाच्या चपला छातीशी धरून, चिखलातनं अनवाणी त्यांच्यामागं निघाले होते.