हरसूलची वाट आणि पाच नंबरची चावी

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. माझा प्रवास नाशिकमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून सुरू झाला आणि पहिला टप्पा होता अंबडची औद्योगिक वसाहत. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांनी विचारलं. मी एक चावी बघायला गेले होते.

चावी म्हणजे ॲलन की. एका टोकाशी काटकोनात वाकवलेली, सहा कोनांची पोलादी कांडी. हल्लीच्या सायकलीचं सीट, हँडल, ब्रेक सगळं तिच्यानेच कसायचं असतं, जुना पाना तिथे निव्वळ शोभेचा. हे ज्ञान मला घोटीच्या अलीकडे झालं. भाताच्या खाचरांच्या कडेने सायकलवरून मजेत चालले होते आणि सीट अचानक चार बोटं खाली बसलं. पिशवीत सायकलीबरोबर फुकट आलेली चावी होती. ती बोल्टच्या भोकात घातली, जोर लावला आणि चावी जागच्या जागी गर्रकन फिरली. बोल्ट हलला नाही. त्याच्या भोकाचे सहा कोपरे मात्र झिजून गुळगुळीत गोल झाले.

मग निनादला फोन केला. निनाद माझा मुलगा. घरात आम्ही दोघंच. त्या वर्षात त्याला ऑफिस सोडून मला रस्त्यावरून आणायला यायची ती तिसरी वेळ होती. एकदा पंक्चर, एकदा चेन आणि आता हे. सायकल गाडीच्या मागे बांधताना तो म्हणाला, "आई, तुझं वय चोपन्न. यापुढे पुन्हा मला असं बोलावलंस, तर सायकल विकून टाकायची. कबूल?"

मी रागात होते. "कबूल," म्हणाले. कबूल म्हटल्यावर लक्षात आलं की मी माझी सायकल एका फुकटच्या चावीवर लावून बसले आहे.

बिघडलेला बोल्ट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ठोकून काढला आणि नवा दिला. तो नवा बोल्ट पर्समध्ये टाकून मी सिटी बसने अंबडला गेले. आमच्या तळमजल्यावरचे खैरनार तिथल्या एका कारखान्यात टूल रूमला आहेत. मूळचे सटाण्याकडचे. वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात राहिल्यामुळे ते साधी चौकशीही ओरडूनच करतात. जेवणाच्या सुट्टीत ते फाटकावर आले, हातात एक काळी ॲलन की.

"ताई, ही दाखवायला आणली. लगेच परत न्यायची आहे. माझा बिल्ला टांगून आलोय."

त्यांच्या टूल रूममध्ये रीतच तशी आहे. प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असतो. हत्यार घ्यायचं तर हत्याराच्या खिळ्यावर आपला बिल्ला लटकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला सुटतो. हत्यार हरवलं, तर सगळ्यांना दिसतं कोणाचा बिल्ला लोंबतोय. मला ही पद्धत आवडली. निनादला सांगायची नाही, असंही ठरवलं.

वसाहतीच्या रस्त्यावरच हत्यारांचं एक दुकान होतं. तिथल्या माणसाने काऊंटरवर इंद्रधनुष्याच्या रंगांचा एक झगमगीत संच ठेवला. मला तो फारच आवडला. खैरनारांनी त्यातली एक कांडी उचलली, टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि खाली ठेवली.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ताई, रंग बघू नका, टोक बघा. कोपरे नखाला टोचले पाहिजेत. हे आत्ताच गोल आहेत, मग बोल्टला काय धरणार?"

मग त्यांनी पर्समधला बोल्ट मागितला. बोल्ट घेऊन चावी घ्यायला येणारं गिऱ्हाईक दुकानदाराने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. एकेक पाच नंबरची (पाच मिलिमीटरची) चावी बोल्टमध्ये घालून खैरनार ती हलवून पाहू लागले. डुगडुगली की बाद. चौथी साधी काळी होती, अंगावर आकडा कोरलेला, लांब दांड्याची. ती भोकात शिरली आणि गप्प बसली. त्यांनी दुकानदाराकडून कानस मागून तिच्या कडेवर घासली. कानस सरकली, चावीवर ओरखडा उमटला नाही.

"हाई चांगलं शे (हे चांगलं आहे)," ते खूश होऊन म्हणाले. खूश झाले की त्यांना गावची अहिराणी आठवते. "पोलाद कडक आहे. आता लक्षात ठेवा. आधी भोकातली माती काढायची. मग चावी पार तळापर्यंत जाऊ द्यायची. आणि मगच जोर. अर्धवट घुसवून जोर लावला की चावी पण जाते, बोल्ट पण जातो."

दुसऱ्या टोकाला गोल डोकं असलेला एक संच मी दाखवला. ते म्हणाले, गोल डोकं तिरकं घालून भराभर फिरवायला ठीक, पण शेवटचा आवळ नेहमी सरळ टोकाने. मी काळा संच घेतला. खैरनार बिल्ला सोडवायला घाईने आत गेले.

घरी येऊन मी सीट बसवलं. खरं सांगायचं तर बोल्ट पुन्हा बिघडेल या भीतीने हात आखडता घेतला.

नोकरीची पहिली तीन वर्षं मी हरसूलला शिक्षिका होते. एसटीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेला वाघेऱ्याचा घाट एकदा स्वतःच्या पायांनी चढायचा, असं फार दिवस मनात होतं. दसऱ्याला सुट्टी होती. आदल्या दिवशी खंडेनवमी. मी देवाधर्माची फारशी नाही, पण हत्यारांची पूजा मात्र चुकवत नाही. पाटावर कात्री, स्क्रू ड्रायव्हर, निनादचा लॅपटॉप आणि मधोमध माझा नवा काळा संच मांडला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आमच्याकडे पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याला शीव (गावाची हद्द) ओलांडून येईपर्यंत उचलत नाहीत. निनादने मात्र लॅपटॉप तासाभरातच उचलला.

दसऱ्याच्या पहाटे हँडलला झेंडूची माळ बांधून मी निघाले. पाटाजवळ थांबले होते. पाच नंबरची चावी फुलांखालून डोकावत होती. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी दार ओढून घेतलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

गिरणाऱ्याला उजाडलं. एरवी इथे टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर लागतात, आज बाजार शांत होता. चहाच्या टपरीवर एक शेतकरी माझ्या सायकलीभोवती पूर्ण फेरी मारून म्हणाला, "बाई, मोटार नाय का हिला?" नाही म्हटल्यावर त्याने चहावाल्याला खूण केली आणि माझ्या कपात आणखी चहा पडला.

पुढे डोंगर जवळ आले. उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं पसरली होती, खाली भात पिवळा पडू लागला होता आणि दोन्ही पिवळ्यांच्या मधून रस्ता वर चढत होता. घाटात मी दोनदा उतरले. एकदा दम लागला म्हणून आणि एकदा वाघेऱ्याचा किल्ला नीट दिसला म्हणून. दुसरं कारण सांगायला बरं पडतं. वर पोचल्यावर मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

उतारावर रस्ता उखडलेला होता. चार-पाच दणके बसले आणि सीट सावकाश खाली गेलं. गुडघे छातीला लागायला लागले. मी उतरले. सीट हाताने वर ओढून बसले, की पुन्हा खाली. बोल्ट सैल होता आणि चावी फुलांखाली, नाशिकला.

फोनला रेंज भरपूर होती. मी निनादचं नाव काढलं. अंगठा त्यावर ठेवला. फोन केला तर तो तासाभरात येईल आणि सायकल जाईल. मी फोन पिशवीत टाकला आणि सायकल ढकलत हरसूलला निघाले. खूप राग आला होता, सगळा स्वतःचाच.

हरसूलमध्ये बाजारपेठ बंद होती. एका गॅरेजचं शटर तेवढं अर्धं वर होतं. आत एक माणूस नव्या शर्टात बसला होता, शेजारी त्याची म्हातारी आई सुपात तांदूळ निवडत होती. माणसाचं नाव काशिनाथ. समोर पाटावर त्याचे सगळे पाने आणि चाव्या, हळदीने पिवळ्या झालेल्या. मी अडचण सांगितली.

"काम दोन मिनिटाचं हाय बाई," काशिनाथ म्हणाला. "पन आज हत्यार उचलत नाय आमी. दुपारी शीव वलांडून आलो, की मंग करून देतो."

"दुपारपर्यंत थांबले तर परत नाशिकला उजेडी पोचणार नाही."

"मंग घरी फोन करा. कोनी गाडीत घालून नेईल." मीच पहाटे याच नियमापायी चावी घरी ठेवली होती. त्याच्याशी कुठल्या तोंडाने भांडू?

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "कुठून आली म्हनली तू?"

"नाशिकहून."

"यावर बसून? घाट चढून?" तिने सायकलीकडे बोट केलं. मी मान हलवली.

ती मुलाकडे वळली. "काशिनाथ, तू कवा जाशील शीव वलांडायला, दुपारी. आन् ही तर शीव वलांडूनच दारी आली. आजून काय पायजे? उचल हत्यार."

काशिनाथने थोडा विचार केला. मग हसला. पाटावर अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि पुढे ठेवलेला एक चकचकीत नवा संच माझ्यापुढे धरला. पूजेसाठी खास घेतलेला असावा. मी पाच नंबरची काढून टोकावरून नख फिरवलं. कोपरे गोल. बोल्टमध्ये घातली, डुगडुगली. ही फिरवली तर पुन्हा घोटी.

पाटाच्या मागच्या बाजूला एक काळी, आखूड चावी पडली होती. मी ती उचलली. तिच्या कोपऱ्यांनी नख धरलं.

"ती जुनी हाय बाई," काशिनाथ ओशाळून म्हणाला. "टोक झिजलं, की मी ग्राइंडरवर तेवढं टोक उडवतो. कोपरे पुन्ना नवे. असं करता करता आखूड झाली."

"हीच द्या."

बोल्टच्या भोकात घाटाची माती बसली होती. म्हातारीने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी माती कोरली, चावी तळापर्यंत घातली, ती गप्प बसली. या वेळी हात आखडता घेतला नाही. बोल्ट फिरला, आवळला आणि थांबला. सीटवर पूर्ण भार टाकून पाहिला. हललं नाही.

"बाई, तुमाला ह्ये कोनी शिकवलं?" काशिनाथने विचारलं. मी म्हटलं, अंबडला एक माणूस आहे, फार ओरडतो.

म्हातारीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं भुजं (भाजलेल्या उडदाची घट्ट आमटी). निघताना तिने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. मी तिला वाकून नमस्कार केला आणि हँडलची झेंडूची माळ काशिनाथच्या पाटावर वाहिली.

परतीच्या वाटेवर सांगण्यासारखं काही घडलं नाही आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. ऊन कलल्यावर पार्किंगमध्ये शिरले, तर निनाद तिथेच उभा.

"वाटेत काही झालं?"

"सीट घसरलं होतं. हरसूलला मीच बसवलं."

"मला फोन नाही केलास?"

"अट तूच घातली होतीस."

तो म्हणाला, "न्यायला बोलावलंस तर सायकल विकू म्हणालो होतो, आई. मला काही कळवायचंच नाही, असं कुठे म्हणालो?" त्याने मूठ उघडली. आत गाडीची किल्ली होती, तळहातावर तिचा वळ उमटलेला. "सकाळपासून घेऊन बसलोय."

मला लाज वाटली. घाट चढल्याचा आनंद होता तसाच होता, पण शेजारी हीही येऊन बसली. सबंध दिवस मी एका चावीचे कोपरे तपासत फिरले आणि घरी कोणी वाट पाहत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. मी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. त्याने ती शर्टाच्या खिशात जपून घातली.

वर आलो. पाटावरचा झेंडू मलूल झाला होता. मी अक्षता टाकून पाट हलवला. हरसूलचा आवळ पाच नंबरने तपासून घ्यायलाच हवा, असं मी म्हणाले.

"यातली पाच नंबरची कुठली?" निनादने विचारलं. मी दाखवली. त्याने बिल्ला टांगावा तशी गाडीची किल्ली पाटावर ठेवली, चावी उचलली आणि खाली निघाला.

"आधी भोक साफ कर रे!" मी जिन्यावरून ओरडले.