असानकुलने तयार केलेला पोरगा

असानकुलने घोडा तयार आहे म्हटलं, की नारिन नदीच्या त्या खोऱ्यात दुसरं मत कुणी विचारत नसे. त्याची रीत वडिलांकडून आलेली होती. घोड्यावर जाड झूल टाकून पळवायचं, घाम काढायचा, चारा मोजून द्यायचा आणि रात्री थंडीत उपाशी बांधून ठेवायचं. मग घामाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायचा. खारट लागला तर चरबी बाकी आहे. पाण्यासारखा लागला की घोडा मैदानात न्यायचा. चाळीस दिवसांचं काम. असल्या माणसाला शिकवायला जायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं.

त्याचा मुलगा जोल्दोश कोकबोरू खेळे. धावत्या घोड्यावरून वाकून जमिनीवरचं बोकडाचं धड उचलायचं आणि मांडीखाली दाबून पळायचं, असा तो खेळ. गेल्या पानगळीत त्याचा उजवा हात मोडला. थंडी ऐन भरात असताना प्लॅस्टर निघालं, तेव्हा आतून चाबकाच्या दांड्याएवढा हात बाहेर आला. जोल्दोशने तो पटकन बाहीत लपवला.

आणि दारात तोरू उभा. तोरू हा गावच्या संघाचा घोडा. पण शिंगरू होता तेव्हापासून जोल्दोशशिवाय त्याच्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं. संघाचा म्होरक्या मेदेरबेक स्पष्टच बोलला, "असानकुलकाका, मार्चातल्या नवरोजच्या आधी पोराने मैदानात बोकड उचलून दाखवावा. संधी तीन. नाही जमलं, तर तोरू संघातल्या दुसऱ्या स्वाराच्या, उलानच्या दारात बांधणार."

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नवरोज? फार लवकर आहे. ताकद महिन्या-दीड महिन्यात थोडीफार येईल. पण मांस डोळ्यांना दिसायला अडीच-तीन महिने लागतात. तेसुद्धा रोज वजन उचलून, पोटभर खाऊन आणि नीट झोपून. घाई करू नका."

"बाई, मी चाळीस दिवसांत घोडा उभा करतो," असानकुल हसला. "हा तर नुसता माणूस आहे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पोराच्या अंगावर दोन मेंढ्यांच्या कातड्यांचा कोट चढला आणि तो बर्फातून पळू लागला. भाकरी अर्धी, मटणाचं नुसतं पाणी. अंगणातली पोती उचलायची ती उपाशीपोटी.

"अहो, पोरगा आहे तो, घोडा नाही!" बुरुल नवऱ्यावर ओरडे.

"तू चूल बघ. मी हाडं ओळखतो."

महिन्याभरात चमत्कार झाला खरा. जोल्दोशच्या दंडावर शिरा उमटल्या, खांद्याच्या रेघा दिसू लागल्या. बाजारात लोक बाही वर करायला लावत आणि म्हणत, "काय बेटकुळी आहे रे! कोरून काढलीय!" असानकुल मिशीतल्या मिशीत हसे. एके दुपारी त्याने पोराच्या कपाळावरचा घाम बोटावर घेतला, जिभेला लावला. पाणी! "तयार," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी जोल्दोशने उजव्या हाताने चहाची किटली उचलली आणि तिचं झाकण खडखडत राहिलं. असानकुलने ते ऐकलं. त्याने किटली पोराच्या हातातून घेतली आणि स्वतःच चहा ओतला. आयुष्यभर ज्याचं कधी चुकलं नाही, त्याला 'चुकलं' म्हणायची सवय कुठून असणार?

परीक्षेच्या दिवशी मैदानावर चिखल आणि बर्फ कालवलेलं होतं. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं. जोल्दोशने तोरूला टाच मारली, वाकला, बोकडाचा पाय पकडला. धड गुडघ्यापर्यंत आलं आणि मुठीतून सुटलं.

"दिसायला पैलवान!" उलानच्या बाजूने कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

दुसऱ्या वेळी तर ते जमिनीवरून जेमतेम हललं.

तिसऱ्या फेरीला जोल्दोश आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक होतं. असानकुलचं लक्ष मात्र त्याच्या मनगटावर होतं. चाबकाची वादी मनगटात अडकवलेली, आणि वाकता वाकता पोराने तिचाच फास बोकडाच्या पायात टाकला. आता मूठ सुटली तरी बोकड सुटणार नव्हता. बोकड वर आला तर तोरू घरी राहणार होता. चिखलात अडला तर घोडा पुढे, बोकड मागे, आणि मधला हात खांद्यातून उपटून निघणार. दुसऱ्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. गप्प बसलं तर?

तोरूने झेप घेतली. वादी ताणली गेली. जोल्दोशच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

असानकुलने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. ती शीळ ऐकली की तोरू जागच्या जागी थांबे. त्यानेच शिकवलं होतं. घोडा चार पाय रोवून थांबला. म्हातारा चिखलातून धावला आणि सुरीने वादी कापली.

"बाबा, उचलत होतो मी!" जोल्दोश रडत ओरडला. "का थांबवलंत?"

असानकुलने पोराला खाली उतरवलं, तोरूचा लगाम धरला आणि सगळ्यांसमोर उलानच्या हातात दिला. "घेऊन जा. पोराची चूक नाही. मी चुकलो."

ते घरी आले. बुरुलने पातेलं उतरवलं आणि मग तिला राहवेना. "घोड्याला उन्हाळाभर वरच्या कुरणात चारता, मग चरबी उतरवता. या हातावर प्लॅस्टरनंतर उरलं काय होतं उतरवायला? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"खरंय," असानकुल म्हणाला. लग्नानंतर त्याच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला.

तिने रीतीप्रमाणे कमरेच्या हाडाचा मांसल तुकडा घरातल्या वडीलधाऱ्याच्या, म्हणजे त्याच्या ताटात ठेवला. त्याने तो उचलून जोल्दोशच्या ताटात ठेवला.

"बाबा, हा तुमचा मान आहे."

"खा. दंड भरेपर्यंत रोज तुझाच. मग किती का महिने लागेनात."

तेवढ्यात चार घरं पलीकडे, उलानच्या दारात तोरू खिंकाळला. जोल्दोशचा हात ताटातच थांबला. असानकुलने मान वर केली नाही. पुन्हा खिंकाळणं आलं, लांबलचक. मग पोराने डाव्या हाताने उजव्या हाताला आधार दिला, आणि तुकडा तोंडात घातला.