जाऊबाई आणि अनोळखी नंबर

लोन विकणारा, विमा विकणारा किंवा सरळसरळ लुबाडणारा असा एकही फोनवाला या देशात नसेल, ज्याची माझ्या थोरल्या जाऊबाईने विचारपूस केलेली नाही. तुम्ही-आम्ही नंबर पाहून तोंड वाकडं करतो. ती पदर सावरून बसते. नेरजवळच्या आमच्या गावात ती राहते, आणि तिचा फोन कमरेला बटव्यात. वेचणीच्या दिवसांत त्या बटव्यावर ओटी बांधलेली, ओटी कापसानं फुगलेली, आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. मग सकाळपासून वेचलेला सगळा कापूस शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ओतून ती फोन उपसून काढायची. पलीकडून एखादी पोरगी विचारायची, मॅडम, पर्सनल लोन हवंय का. जाऊबाई विचारायची, तू कोन्या गावची वं, तुह्या आवाजाले काय झालं, सर्दी हाय का. एकदा अशाच एका पोरीला तिने सुंठ आणि गुळाची गोळी कशी करायची ते पाऊण तास समजावून सांगितलं. चार दिवसांनी त्या पोरीने कंपनीच्या फोनवरून खोकला बरा झाल्याचं कळवलं. लोनचं नावही काढलं नाही.

लबाडांनाही तिच्याकडे हाच पाहुणचार. एकाने सांगितलं, तुमचं खातं बंद होणार आहे, कार्डावरचा नंबर वाचा. थांब बापू, चष्मा आनतो, असं म्हणून तिने फोन ज्वारीच्या कोठीवर ठेवला, दोन हंडे पाणी भरलं, तुरीची डाळ शिजायला घातली आणि परत आली. तो तिथंच. मग तिने सोयाबीनच्या बियाण्याच्या थैलीवरचा लॉट नंबर सावकाश वाचून दाखवला. त्याने तो तीनदा टाकून पाहिला. शेवटी तो वैतागून ओरडायला लागला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "येवढी मेहनत करून राह्यला तू. आपल्या मायले फोन करतं का कधी?" तो म्हणाला म्हणे, करतो, आठवड्यातून एकदा. तिने त्याला दोनदा करायला सांगितलं.

हे सगळं ऐकताना आम्ही पोट धरून हसायचो, पण त्यामागचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा चोवीस वर्षांचा असताना बापाशी भांडला. बापाने, म्हणजे माझ्या भासऱ्यांनी, चार लोकांसमोर पारावर त्याच्या थोबाडीत मारली. संध्याकाळच्या एसटीने तो गेला, तो गेलाच. पुढे बाप वारला तरी आला नाही. कुठं आहे, कुणाला माहीत नाही. पहिल्या वर्षी एकदा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कोणी बोललं नाही, फक्त श्वास ऐकू आला. ती "बापू?" म्हणाली आणि फोन कटला. त्याला घरचा हा एकच नंबर पाठ होता. म्हणून तिने तो नंबर कधी बदलला नाही, आणि म्हणून एकही अनोळखी फोन सोडला नाही. दहांतले दहा लबाड निघाले तरी अकरावा आपला असू शकतो, एवढा साधा तिचा हिशोब.

आणि इथं माझी एन्ट्री होते. पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पासष्टची, म्हणजे अक्कल यायचं वय अजून झालं नव्हतं. यवतमाळात राहायचं, हातात मोठ्या पडद्याचा नवा फोन, त्यातली दोन-चार बटणं कळायला लागलेली. गावात गेले की मी विमानातून उतरल्यासारखी चालायची. त्याच्या वर्षभर आधी मी स्वतः एका गोड आवाजाच्या माणसाला ओटीपी वाचून दाखवला होता, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नाही. ही गोष्ट अर्थातच मी गावात सांगितलेली नव्हती. तिथं मी फोनविद्येची पंडिता.

मी गेले त्याच दिवशी जाऊबाईला फोन आला. पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा. मी समजले, तीही समजली. तरी तिने फोन ठेवला नाही. त्याच्या भुवईवर खूण हाय का, तिने विचारलं. तो हो म्हणाला. बारीक झाला का? हो. बाई, ठेव फोन, मी म्हणत होते, पण ती विचारतच राहिली. शेवटी म्हणाली, "त्याले कारल्याची भाजी देल्ली त खाते का?" तो म्हणाला, खातो ना, आताच खाल्ली. तिने फोन खाली ठेवला. "तो माहा नाई," एवढंच बोलली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मला ते बघवेना. दुपारी ती लवंडल्यावर मी तिचा फोन घेतला, जो माझाच जुना होता, आणि ओळखीच्या नंबरांशिवाय दुसरा कुठलाच फोन वाजणार नाही अशी सोय करून टाकली. सांगितलं नाही. चांगुलपणाची मला तेव्हा फार हौस होती.

कापूस वेचायला लागल्यापासून तुरी निघेपर्यंत तो फोन मुका राहिला. जाऊबाई वाळत गेली. मी पुन्हा गेले तर म्हणाली, फोन खराब झाला, नेरला दाखवून आनू. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला, वाजला नाही. मग त्याने आत काहीतरी उघडलं आणि म्हणाला, मावशी, हे कोणीतरी मुद्दाम बंद केलंय. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं. दुकानदाराने अडवलेल्या फोनांची यादी दाखवली, लांबच लांब. त्यात एक नंबर संक्रांतीच्या दिवशी तीनदा आलेला. आम्ही तो लावला. बंद होता.

ती मला रागावेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. ती म्हणाली, "सनाच्या दिवशी तीनदा केला त्यानं. म्हंजे जिता हाय." आणि दुकानातच बाकावर बसून पदराने तोंड झाकून रडली. परत येताना एसटीत तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता असा निवळलेला होता.

घरी, यवतमाळला आल्यावर मी माझ्या फोनमधली जुनी यादी चाळली. का, ते माहीत नाही. तोच नंबर. संक्रांतीच्याच सकाळी मलाही आलेला, आणि मी उचललेला. नागपूरजवळ प्लॉट विकणारा एक माणूस होता. सणाच्या दिवशी डोकं खाल्लं म्हणून मी त्याला झाडला होता, ते मला लख्ख आठवलं.

मी ती नोंद पुसून टाकली.

जाऊबाईचा फोन आता पुन्हा वाजतो, आणि ती पुन्हा सगळ्यांची विचारपूस करते. तो नंबर तिला पाठ आहे. अधूनमधून लावते. नंबर अस्तित्वात नाही, असं सांगणाऱ्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि म्हणते, ती तरी काय करन, तिले नाई म्हन्याचंच काम देल्लं. तिला अक्षरं येत नाहीत, नुसते आकडे येतात. तेव्हा हे लिहिलेलं तिच्यापर्यंत जायचं नाही, तुम्हीही जाऊ देऊ नका. वर्षातून एखाद्या वेळी, ओसरीवर दोघीच बसलेल्या असताना, ती राग न धरता म्हणते, "लहाने, तू तवा बंद केला नसता, त मी बोलली असती त्याच्यासंग." एका वाक्यात मी त्या दोषातून सुटू शकते. "हो बाई, माहंच चुकलं," मी म्हणते, आणि तिच्याजवळ थोडी सरकून बसते.